हॅमस्टर हाताला कसा येतो : बडोद्याच्या घरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात गेल्या नऊ वर्षांत चार हॅमस्टर राहिले. त्यामुळे ओळखीत कुणाकडे हॅमस्टर आला की आठवड्याभरात मला फोन येतो, "काकू, आणला खरा, पण पिंजऱ्यात हात घालायचा धीर होत नाही." खालचे बहुतेक प्रश्न त्या फोनांतूनच आलेले आहेत. माझा अनुभव असा की हॅमस्टर बुजतो तो आपल्या हाताच्या झटक्याला, आणि तो झटका येतो आपल्या भीतीतून. म्हणून इथली निम्मी उत्तरं त्याच्याबद्दल आहेत आणि निम्मी तुमच्या हाताबद्दल.

हॅमस्टर म्हणजे शेवटी उंदीरच ना? घरच्यांना काय सांगू?

दोघेही कुरतडणारे प्राणी, पण घराणं वेगळं. दुकानात मिळणारा मोठा, सोनेरी हॅमस्टर म्हणजे सिरियन. तो मूळचा सीरियातल्या अलेप्पो शहराच्या आसपासचा. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांनी तिथलं एक बीळ खणून काढलं. त्यात सापडलेली पिल्लं जेरुसलेमला नेऊन वाढवली, आणि आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सिरियन हॅमस्टरांची वंशावळ जवळजवळ सगळी त्या एका बिळापर्यंत जाते. हे मी आवर्जून सांगते. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या दारात आहे, आणि याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. माणूस म्हणजे काय हे प्रत्येक हॅमस्टरला पहिल्यापासून शिकावं लागतं.

घरच्यांचं म्हणाल तर आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "गणपतीचं वाहन आहे ते, त्याच्या पायाशी शोभतं. माझ्या स्वयंपाकघरात नको." स्वयंपाकघरात पिंजरा नको हे त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात गेला. तीन महिन्यांनी रात्रीची मालिका संपली की सासूबाई त्याला भोपळ्याची बी द्यायला थांबू लागल्या. घरच्यांशी वाद घालू नका, त्यांना संध्याकाळी तो जागा झालेला बघू द्या.

तो माणसाला एवढा का घाबरतो?

मोकळ्या रानात वरून झडप घालणारी वस्तू म्हणजे घुबड नाहीतर ससाणा. त्याची नजर अधू असते. जरा लांबचं त्याला धूसर दिसतं आणि खोली-उंचीचा अंदाज जवळजवळ येत नाही. तो चालतो नाकावर आणि कानावर. अशा प्राण्याच्या डोक्यावर अचानक सावली पडते आणि पाच बोटं खाली येतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा विचार करा.

त्यात दुकानातली आठवण असते. माझा पहिला हॅमस्टर ज्या दुकानातून आणला, तिथल्या माणसाने त्याला मानगुटीला धरून उचललं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. तो जो ओरडला, तो आवाज मी विसरलेले नाही. घरी आल्यावर कित्येक दिवस तो माझा हात बघायचा आणि त्याला तोच हात आठवायचा. म्हणून पहिला नियम असा की हात कधी वरून न्यायचा नाही. तो समोरून, जमिनीलगत, तळवा वर करून आणि त्याला दिसेल-हुंगता येईल असा आत जावा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवसांत काय करायचं?

जवळजवळ काहीच नाही, आणि लोकांना हेच सगळ्यात अवघड जातं. पहिले दोन-तीन दिवस दाणा-पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. पाहुण्यांना दाखवायचा नाही, फोटोसाठी बाहेर काढायचा नाही.

पिंजरा मात्र आधीपासून तयार हवा. हॅमस्टर घाबरट राहण्याचं मोठं कारण म्हणजे लपायला जागा नसणं. दुकानात मिळणारे रंगीत छोटे पिंजरे त्याला अपुरे पडतात. साधारण १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद तळ मिळाला तर उत्तम. मोठं प्लॅस्टिकचं खोकं जाळी लावून वापरलं तरी चालतं. त्यात कागदाचं बेडिंग, म्हणजे तळाशी पसरायचा कागदाचा चुरा, निदान २० सेंटिमीटर खोल घाला, म्हणजे तो बीळ करू शकतो. आत झोपायला एक अंधारं छोटं घर, आणि सपाट पृष्ठभागाचं चाक. सिरियनसाठी चाक साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं लागतं. लहान चाकात त्याची पाठ वाकडी होते. देवदार-पाइनचा वासाचा भुसा टाळा. आणि "मऊ घरटं" म्हणून मिळणारा कापूस मुळीच घालू नका, तो पायाला गुंडाळला जातो आणि पोटात अडकतो. बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून दिला की तो स्वतः घरटं करतो.

मला विचाराल तर माणसाळवण्याचं निम्मं काम या खोल बेडिंगमध्ये होतं. ज्याला लपता येतं, तोच निर्धास्तपणे बाहेर येतो.

मुलं शाळेतून येतात तेव्हा तो झोपलेला असतो. उठवला तर चालेल?

नाही. तो निशाचर आहे. आपल्याला कुणी रात्री तीन वाजता हलवून उठवलं तर आपण जसे वागू, तसाच तो वागतो, आणि त्याच्याकडे बोलायला दातच आहेत. माझ्याकडे आलेल्या "चावला" या तक्रारींत झोपेतून उठवल्याच्या सर्वांत जास्त. दिवेलागणीनंतर तो आपण होऊन बाहेर आला, तोंड धुतलं, आळस दिला, की मग मुलांना बोलवा.

मला खरंच भीती वाटते. हात आत घालते आणि मागे घेते. सुरुवात कुठून करू?

याचं उत्तर मी सविस्तर देते, कारण मी स्वतः यातून गेले आहे. पहिल्या हॅमस्टरने दुसऱ्या आठवड्यात माझ्या तर्जनीचा चावा घेतला. नंतर महिनाभर मी त्याला स्टीलच्या वाटीतच घेत होते. हात आत गेला, तो हुंगायला आला, की माझा हात आपोआप मागे यायचा. त्या महिन्यात तो आणखी बुजरा झाला, आणि का ते मला उशिरा कळलं. शांत बसलेली वस्तू एकदम उडते तेव्हा ती त्याच्या लेखी जिवंत शिकारी होते. शिवाय चावा घेतला की हात जातो, हेही तो शिकतो.

म्हणून पहिली पायरी पिंजऱ्याबाहेरची. रोज त्याच्या जागं व्हायच्या वेळी पिंजऱ्याशेजारी चटई टाकून बसा आणि हळू आवाजात काहीतरी बोला. मी दुसऱ्या दिवशीच्या भाजीची यादी वाचायचे. शब्द कुठलेही चालतात, आवाज आणि वेळ तीच हवी. चार-पाच दिवसांत तो तुमचा आवाज ऐकून घरात पळायचं थांबवतो.

याच दिवसांत एक टिश्यू पेपर रात्री उशीखाली ठेवा आणि सकाळी त्याच्या घराजवळ टाका. तो तो ओढून नेऊन घरट्यात घालतो. तुमच्या वासात झोपायला लागला म्हणजे तुमचा हात त्याला परका राहत नाही.

मग हात. साबणाने धुऊन या. हाताला भजी-फरसाणाचा वास असेल तर तो बोट खाऊ समजून चाखणारच. बाही वर करा, घड्याळ-अंगठी काढा. तळवा वर करून हात बेडिंगवर ठेवा आणि ठेवूनच द्या. काहीही करू नका. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच. त्याने हुंगलं, बोटांवर पाय ठेवला, नखाला दात लावून पाहिले, तरी हात हलवायचा नाही. भीती वाटली तर श्वास हळू सोडा आणि मनगट पिंजऱ्याच्या तळावर टेकवून ठेवा. अधांतरी हात थरथरतो, टेकलेला हात थरथरत नाही. एवढ्या एका गोष्टीने माझा धीर परत आला.

हात काढायचा असेल तर तो दूर गेल्यावर काढा, आणि पाण्यातून काढावा तसा हळू.

हे जमलं की तळव्यावर एक बी ठेवा, आधी बोटांच्या टोकाशी, नंतर मधोमध, शेवटी मनगटाजवळ. माझा हॅमस्टर पहिल्यांदा पूर्ण हातावर चढला ती रात्र मला लख्ख आठवते. साडेअकरा वाजले होते. त्याचे पुढचे दोन पाय तळव्यावर, मागचे अजून बेडिंगमध्ये रोवलेले, म्हणजे कधीही मागे पळता यावं. पाय थंडगार आणि ओलसर. मिशा इतक्या वेगाने हलत होत्या की तळव्याला नुसती गुदगुली कळत होती. मग मागचा एक पाय आला, मग दुसरा, आणि सगळं वजन हातावर आलं. शंभर-सव्वाशे ग्रॅम, एका मोठ्या लिंबाइतकं. त्याने बी गालात भरली आणि तिथेच बसून तोंड धुवायला लागला. घाबरलेला हॅमस्टर अनोळखी जागी तोंड धुवत बसत नाही.

उचलायचं नेमकं कसं?

हातावर येऊन बसायची सवय झाली की दुसरा हात बाजूने आणून ओंजळ करा आणि ती जेमतेम दोन इंच उचला. लगेच खाली ठेवा. उद्या चार इंच. नेहमी जमिनीवर बसून, आणि खाली गादी किंवा घडी घातलेली गोधडी हवी. उंचीची त्याला समज नसते, तो तुमच्या छातीएवढ्या उंचीवरूनही सरळ पाऊल टाकतो, आणि अशा पडण्यात पाय-कणा मोडतो.

पाठीवरून मूठ मारून धरू नका, मानगुटीला धरू नका. हातातून निसटतोय असं वाटलं तर पकड घट्ट करायची नाही. हात खाली न्या आणि जाऊ द्या. एक हात दुसऱ्याच्या पुढे ठेवत गेलात तर तो जिन्यासारखा या हातावरून त्या हातावर चालतो, आणि त्यालाही ते आवडतं.

अजून हातावर येत नसेल आणि पिंजरा साफ करायचा असेल, तर चहाचा मोठा मग आडवा ठेवा. तो बिळासारखा आत शिरतो. तोंडावर तळवा धरून मग उचला. यात कमीपणा काही नाही, मी आजही नव्या हॅमस्टरला पहिले काही आठवडे असंच नेते.

चावलाच तर काय करायचं?

आधी हात स्थिर ठेवा, पुढे सगळं. झटकलात तर तो उडून पडेल आणि जखमही फाटेल. बहुतेक जण चावून लगेच सोडतात. लटकून राहिला तर हात बेडिंगवर टेकवा, पायाखाली आधार मिळाला की तो सोडतो. ओरडू नका, फुंकर मारू नका, आणि शिक्षा तर अजिबात नको. शिक्षा म्हणजे काय हे त्याला कळत नाही, त्याच्या लक्षात फक्त भीती राहते.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा, जंतुनाशक लावा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा आणि डॉक्टरांना दाखवा. पाळीव हॅमस्टरकडून रेबीज होण्याचा धोका अगदीच नगण्य मानतात, तरी उपचार काय करायचा हे डॉक्टरांनी ठरवावं. चावल्यावर अंगभर पुरळ उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मात्र वाट न बघता थेट दवाखाना गाठा. हॅमस्टरच्या लाळेची तीव्र ॲलर्जी क्वचित कुणाला असते.

घरात कुणी गरोदर असेल तर पिंजरा साफ करण्याचं काम दुसऱ्या कुणी करावं. हाताळल्यावर हात धुणं सगळ्यांनाच लागू.

आणि चावला म्हणून सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागे या. हात नुसता ठेवा, उचलू नका. ज्यांनी चाव्यानंतर आठ दिवस हात घातलाच नाही, त्यांना मग सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

बोटाला दात लावतो पण रक्त येत नाही. हा राग आहे का?

नाही, तो चाखून बघतोय. एकदा-दोनदा हळूच दाब देऊन सोडतो. बोट मुठीत वळवून घ्या, तळव्याची सपाट बाजू दाखवा. जाळीतून खाऊ देण्याची सवय मात्र मोडा. जाळीतून आत येणारं प्रत्येक बोट त्याला गाजर वाटू लागतं.

हातमोजे घालू का?

जाड हातमोज्यात हाताला अंदाज राहत नाही आणि प्राणी दाबला जातो. शिवाय तो हातमोज्याच्या वासाला सरावतो, तुमच्या नाही. अगदीच धीर होत नसेल तर आठ दिवस पातळ सुती मोजे घाला, आणि ते रात्री त्याच्या घराजवळ ठेवत जा. मग काढा.

तो निवांत आहे की घाबरलाय, हे ओळखायचं कसं?

कान उभे, नाक हलतंय, हळू चालतोय, म्हणजे कुतूहल. जांभई देऊन अंग लांब ताणलं, तर मजेत आहे. कान मागे चिकटवून जागच्या जागी गोठला, तर थांबा, हात तिथेच राहू द्या. दात कटकट वाजवायला लागला, किंवा पाठीवर उलटा होऊन तोंड उघडून दात दाखवले, तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबायचं. हा शेवटचा प्रकार पाहून नवे लोक "बघा, पोट खाजवून घ्यायला झोपला" म्हणून बोट पुढे करतात. तसं करू नका, तो जिवाच्या आकांताने स्वतःला वाचवत असतो.

पिवळे-नारिंगी दात बघून घाबरू नका, मोठ्या हॅमस्टरचे दात तसेच असतात. आणि सिरियनच्या दोन्ही कुशींवर एकेक काळपट ठिपका दिसला तर ती वासाची ग्रंथी आहे, जखम नाही.

ड्वार्फ आणि रोबो जातीचे हाताला येतात का?

ड्वार्फ, म्हणजे छोट्या चणीचे हॅमस्टर, येतात, पण त्यांची चाल चपळ, त्यामुळे उघड्या हातापेक्षा मग आणि ओंजळ बरी. रोबो, म्हणजे रोबोरोव्स्की, मात्र वीस-पंचवीस ग्रॅमचा, विजेसारखा पळणारा जीव. तो बहुधा चावत नाही, थांबतही नाही. त्याला बघण्यात सुख माना. ज्यांना हातावर घेण्याची हौस आहे आणि ज्यांच्या मनात भीती आहे, त्यांनी पहिला हॅमस्टर सिरियनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो मोठा आणि संथ असतो, त्यामुळे त्याचं मन कळतं.

एकटा कंटाळेल म्हणून जोडी आणू का?

सिरियन कधीच जोडीने ठेवू नका. आठ-दहा आठवड्यांच्या वयानंतर ते एकमेकांना जिवे मारण्यापर्यंत भांडतात, सख्खी भावंडंसुद्धा. दुकानात नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे आणलेली मादी गाभण असू शकते. सिरियनचा गर्भकाळ जेमतेम सोळा दिवसांचा. एका सकाळी घरट्यातून बारीक चीं-चीं ऐकू आली तर दोन आठवडे तिला आणि पिल्लांना हात लावायचा नाही, बेडिंग बदलायचं नाही, फक्त दाणा-पाणी. त्रास झाला तर आई पिल्लं खाऊन टाकते.

मुलांच्या हातात कधी द्यावा?

आधी तो मोठ्यांच्या हाताला सरावू दे. साधारण आठ वर्षांखालच्या मुलाच्या हातात मी एकटं कधीच देत नाही. मूल मांडी घालून जमिनीवर बसतं, मांडीवर टॉवेल, ओंजळ माझी आणि तिच्याखाली त्याची. लहान मुलाला दचकायला वेळ लागत नाही, आणि दचकल्यावर ते एकतर दाबतं नाहीतर सोडून देतं. दोन्ही वाईट. मुलाला एक काम द्या, रोज संध्याकाळी बी द्यायचं. महिनाभर हे केलेलं मूल आपोआप हळू हलायला शिकतं.

आमिष म्हणून काय द्यायचं?

बिनमिठाची भोपळ्याची बी, सूर्यफुलाची एखादी बी, ओट्सचे चार दाणे, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा कण. बाजरीचं कणीस मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. एक टोक तुमच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला तो दाणे सोलत बसतो, म्हणजे बोटं आणि दात यांत सुरक्षित अंतर राहतं. भित्र्या माणसाला मी हेच आधी देते. खंडेराव मार्केटमधून काकडी, कोथिंबीर, ब्रोकोली आणलीत की नखाएवढा तुकडा धुऊन द्या.

शेव, लीलो चेवडो, खारे शेंगदाणे, बिस्किट, चॉकलेट यांतलं काही नाही. घरी पाहुणे आले की "घे रे बाळा" म्हणून शेव टाकली जाते, तिथे स्पष्ट नाही म्हणा. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा हेही वर्ज्य. ड्वार्फना मधुमेहाकडे झुकायची प्रवृत्ती असते, त्यांना गोड फळं देऊच नका. आणि आमिष गालात भरून घरात नेणं ही त्याची रीत आहे, "हातातून घेतो आणि पळतो" म्हणून नाराज होऊ नका.

पिंजऱ्याबाहेर कुठे सोडू?

कोरडं बाथरूम चांगलं, पण मोरीच्या तोंडावर जाळी आणि वर जड दगड ठेवल्याशिवाय नाही. कमोडचं झाकण बंद. फिनेलने पुसलेली फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसून कोरडी करा. मध्ये तुम्ही पाय पसरून बसा, भोवती पुठ्ठ्याचे बोगदे ठेवा, आणि त्याच्या मागे जाऊ नका. पंधरा मिनिटांत तो तुमच्या पायावर चढतो, कारण त्या रिकाम्या खोलीत ओळखीचा वास तेवढाच असतो. माझ्या मते माणसाळवण्यात सगळ्यात जास्त प्रगती इथेच होते. प्लॅस्टिकच्या बंद चेंडूत घालून सोडू नका. आत त्याला ना नीट दिसतं ना हुंगता येतं, आणि भिंतीवर आदळत राहतो.

घाण वास येतो. अंघोळ घालू?

पाण्याने कधीच नाही. थंडी भरते, अंगावरचं तेल जातं, आणि हातावरचा विश्वासही. बारीक वाळू धुऊन, कढईत भाजून, पूर्ण गार करून ताटलीत द्या. तो तीत लोळतो. पावडर नको. वास बहुधा पिंजऱ्यातल्या एका शू करायच्या कोपऱ्याचा असतो, तेवढंच बेडिंग बदला. सगळं एकदम बदललंत तर त्याच्या वासाचं घरच नाहीसं होतं आणि तो दोन दिवस बुजरा होतो.

बडोद्याच्या उन्हाळ्यात हाताळावं का?

मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि हॅमस्टरला १८ ते २४ अंश मानवतं. तिशीपुढे त्याला त्रास व्हायला लागतो. उन्हाळ्यात हाताळणं रात्री दहानंतर, तेही थोडा वेळ, कारण आपला तळवा त्याला गरम वाटतो. पिंजऱ्यात फरशीचा तुकडा आणि मातीची कोरी कुंडी आडवी ठेवा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवा. एसीचा झोत थेट अंगावर नको. तो पसरून पडला, धापा टाकतोय, लाळेने हनुवटी ओली, असं दिसलं तर गार जागी हलवा आणि पशुवैद्यांना फोन करा. गार पाण्यात बुडवू नका. छोटे प्राणी पाहणारे पशुवैद्य शहरात कोण आहेत हे हॅमस्टर आणण्याआधीच विचारून ठेवा.

नवरात्र आणि उत्तरायणात तो बिथरतो. काय करू?

आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही तो ऐकतो, तिथे गरब्याच्या स्पीकरचं काय सांगावं. नऊ रात्री पिंजरा रस्त्यापासून सर्वांत आतल्या खोलीत न्या, खाली जाड गोधडी घाला म्हणजे हादरा कमी पोचतो, बेडिंग जास्त घाला आणि नवं काही शिकवू नका. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, १४ आणि १५ जानेवारी, या दोन दिवशी गच्चीवरच्या स्पीकरमुळे तो दिवसभर झोपू शकत नाही. त्या रात्री नुसता आवाज द्या, हात नको. दिवाळीतही तसंच. चार-पाच दिवसांत तो पूर्वपदावर येतो.

चांगला माणसाळलेला होता, अचानक चावायला लागला. का?

दुखत असेल, असंच आधी समजा. दात वाढलेत का, गालात काही अडकलंय का, गाठ आहे का, डोळा चिकटलाय का, बघा. शेपटीखालचा भाग ओला आणि जुलाब असतील तर तासाभराचाही उशीर नको. या आजारात लहान हॅमस्टर दोन दिवसांतही जातो. मादी असेल तर गाभण आहे का बघा. यातलं काही नसेल तर घरात काय बदललं ते आठवा. एका घरी नवा हँडवॉश आणल्यापासून हॅमस्टर चावत होता. जुना साबण परत आणला आणि चावणं थांबलं.

किती दिवस लागतात? माझा दोन महिने झाले तरी येत नाही.

कुणाला दोन आठवडे, कुणाला चार महिने. माझा तिसरा हॅमस्टर शेवटपर्यंत हातात बसला नाही. पण हातावरून चालत बाहेर यायचा, खाऊ घ्यायचा आणि आवाज दिला की दाराशी यायचा. मी त्यालाही माणसाळलेलाच म्हणते.

निदान मगमध्ये शिरून उचलून घेण्याइतकी तरी सवय प्रत्येक हॅमस्टरला असावी, याचं एक कारण आपल्या गावचंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या एका मैत्रिणीला तळमजल्यावरचं घर घाईने सोडावं लागलं. वीज नव्हती, आणि पिंजरा जिन्यातून वर न्यायला मोठा. तिने टॉर्च काखेत धरून चहाचा मग आडवा ठेवला, नेहमीच्याच आवाजात हाक मारली, आणि तो आत शिरला. आधीचे तीन महिने ती रोज रात्री हेच करत होती.

म्हातारा झाला की हाताळणं थांबवायचं का?

हॅमस्टर दोन ते तीन वर्षं जगतो. दीड-दोन वर्षांनंतर चाल मंदावते, कधी डोळ्यात मोतीबिंदू येतो, केस विरळ होतात. थांबवू नका, वेळ कमी करा. हात लावण्याआधी आवाज द्या, मग बोट नाकासमोर धरा, त्याने हुंगलं की मगच खालून ओंजळ घाला. चढायला जोर राहत नाही, म्हणून हात पूर्ण बेडिंगमध्ये खाली दाबून त्याच्या पायांच्या पातळीत आणा. आमचा पहिला शेवटच्या महिन्यात दिसायचा बंद झाला होता. सासूबाई पिंजऱ्याशी येऊन "अरे, मी आहे" म्हणायच्या, तो आवाजाच्या दिशेने तोंड वर करायचा, आणि त्या सोललेली बी त्याच्या मिशांना लावून धरायच्या.